वाचकांचे प्रश्न : कोंगसीचा जमाखर्च

मागच्या अंकात मलेशियातल्या पेनांग बेटावर, जॉर्जटाऊनच्या जुन्या गल्ल्यांवर लिहिलं होतं. त्यात 'खू आडनावाच्या चिनी लोकांचा वाडा, म्हणजे खू कोंगसी' असा एका ओळीचा उल्लेख होता. पत्रं आली ती बहुतेक त्या एका ओळीवरच. तेव्हा हा अंक कोंगसीचा, म्हणजे परदेशी गेलेल्या एका कुळाच्या चिनी भाऊबंदांच्या संस्थेचा.

आधी एक सांगते. मी इतिहासाची अभ्यासक नाही. यजमानांची नोकरी बायान लेपासच्या एका कारखान्यात होती म्हणून पेनांगला राहिले आणि तिथे एका लहान पेढीच्या वह्या सांभाळल्या. आमचे घरमालक खू आडनावाचे. त्यांना आम्ही अंकल म्हणायचो, आणि कोंगसीबद्दल मला जे कळलं त्यातलं बरंच त्यांच्या ओसरीवर बसून कळलं. हिशेबनिसाची खोड अशी की देवळात गेलं तरी नजर मूर्तीआधी देणगीदारांच्या शिळेकडे जाते. उत्तरांना पैशाचा वास येईल, तो त्यामुळे.

प्रश्न : ताई, खू कोंगसी म्हणजे देऊळ, धर्मशाळा की ज्ञातिसभा? तुमच्या लेखावरून नीट कळलं नाही. (एक निवृत्त शिक्षिका)

देऊळ आहे, पूर्वजांचं देवघर आहे, नाटकाचा मंच आहे, कचेरी आहे, आणि या सगळ्याला पोसणारी भाड्याची घरं आहेत. बहुतेक पाहुणे पहिल्या तीन गोष्टी बघून परततात. माझ्या मते कोंगसी कळते ती शेवटच्या दोन गोष्टींमुळे.

पूर्ण नाव लिओंग सान तोंग खू कोंगसी. चीनच्या फुजियान प्रांतात, हायचेंग परगण्यात सिन कांग नावाचं गाव होतं. तिथल्या खू घराण्यातली माणसं समुद्र ओलांडून पेनांगला आली. १८३५ साली त्यांच्यातले १०२ जण एकत्र आले आणि त्यांनी ५२८ स्पॅनिश डॉलर जमवले. माणशी सरासरी पाचाच्या थोडे वर. फ्रान्सिस लाइटने हे बेट इंग्रजांकडे आणलं १७८६ साली, म्हणजे वस्तीला तेव्हा पन्नास वर्षंही झाली नव्हती. आता गंमत बघा. कोंगसीने जागा आणि त्यावरचा बंगला विकत घेतला तो १८५१ साली. मधली सोळा वर्षं संस्था होती, गल्ला होता, वाडा नव्हता. आपण सगळे वाड्याचे फोटो काढतो, पण आधी जमली ती वर्गणी.

मग वाडा वाढत गेला. १८९४ साली मोठं बांधकाम काढलं. ते १९०१ साली पुरं झालं आणि लगेच आगीत जळालं. लोक म्हणू लागले, बादशहाच्या महालाशी बरोबरी करायला गेलात, देवांना ते रुचलं नाही. भाऊबंदांनी त्यातून काढलेला अर्थ मला फार आवडतो. त्यांनी वाडा पुन्हा बांधला, फक्त थोडा लहान. आज दिसतो तो हा १९०६ साली पुरा झालेला 'लहान' वाडा! छपरावर चिनी मातीच्या भांड्यांचे रंगीत तुकडे कापून, चिकटवून केलेले ड्रॅगन, पक्षी, फुलं, योद्धे इतके दाटलेले आहेत की मूळचा केवढा असेल याची कल्पना करवत नाही.

आत तीन दालनं. मधल्यात कुळाचे रक्षक देव आहेत. हे मुळात माणसंच, शिए घराण्यातले दोन सेनानी. इ.स. ३८३ मध्ये फेई नदीच्या लढाईत मोठ्या सैन्याला हरवणारे. एका बाजूच्या दालनात भरभराटीचा देव तुआ पे कोंग. दुसऱ्या बाजूला पूर्वजांच्या लाकडी पाट्या, पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या. भिंतींवर आणखी पाट्या आहेत, सोनेरी अक्षरांच्या. त्या पूर्वजांच्या नाहीत. कुळातल्या कोणाला कोणती पदवी मिळाली, कोण डॉक्टर झालं, कोण बॅरिस्टर, याची ती नोंद आहे. आणि वाड्यापुढे पहारा कोणाचा, तर दगडात घडवलेल्या फेटेधारी शीख पहारेकऱ्यांचा. त्या काळी पेनांगात पोलीस आणि रखवालदार म्हणून शीख पुष्कळ होते. कारागिराने ते जसे दिसले तसे चिनी देवांच्या दारात उभे केले.

चौकाच्या कडेने घरांच्या रांगा आहेत. त्या कोंगसीच्या मालकीच्या. आत यायच्या वाटा अरुंद, त्यामुळे बाहेरून वाड्याचा पत्ता लागत नाही. गावातच आणखी एक छोटं गाव, असा हा प्रकार. घरांच्या भाड्यावर दिवाबत्ती, सणांची पूजा, नाटकं, मुलांची शाळा आणि गरजूंची मदत चाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुळातल्या मुलांसाठी शाळाही काढली, तिला नाव दिलं मूळ गावाचंच, सिन कांग. वर्गणी कमीजास्त होते, श्रद्धाही पिढीगणिक पातळ होते, भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला येतं. जगात ठिकठिकाणी चिनी कुळांच्या आणि गावांच्या अशा संस्था निघाल्या आणि कितीतरी बंद पडल्या. ज्यांनी वेळेवर जमीन घेतली त्यांना तग धरणं सोपं गेलं, असं मला तरी वाटतं.

प्रश्न : नुकत्याच बोटीतून उतरलेल्या माणसाला अशा संस्थेचा नेमका काय उपयोग व्हायचा?

तो माणूस डोळ्यापुढे आणा. होक्क्येन, म्हणजे फुजियानकडच्या लोकांच्या बोलीत त्याला सिनखे म्हणत, नवा पाहुणा. पुष्कळदा प्रवासाचं भाडंही दुसऱ्याने भरलेलं. ते फिटेपर्यंत राबायचं. सरकारची भाषा इंग्रजी, बाजाराची मलय, आणि शेजारचा चिनीही बहुधा वेगळ्या बोलीचा. होक्क्येन, कँटोनीज, हाक्का, तिओच्यू ही मंडळी एकमेकांशी आपापल्या बोलीत बोलू लागली तर बहुतेकांना फारसं काही कळायचं नाही. अशा ठिकाणी 'आडनाव काय, गाव कोणतं' या दोन प्रश्नांवर माणसाचं सगळं ठरायचं.

उत्तर जुळलं तर टेकायला जागा मिळे, कोणाच्या तरी ओळखीने काम मिळे. आजारात कोणीतरी विचारपूस करी. भांडण झालं तर वडीलधारे पंच म्हणून बसत, कारण इंग्रजांच्या कोर्टाची पायरी चढणं पुष्कळांना नको वाटे. पत्र लिहून देणारा मिळे. गावी पैसे आणि पत्र एकत्रच जात. पैसे पोचले की त्याची पोच देणारं उलट पत्र येई. या पत्रांचा मोठा साठा चीनमध्ये जपलेला आहे आणि २०१३ साली युनेस्कोने तो जागतिक स्मृतिठेव्यात घेतला.

पण दोन्ही उत्तरं जुळायला हवीत, हे विसरू नका. नुसतं खू असून भागत नसे, सिन कांगचाच खू हवा. दुसऱ्या गावच्या खूने आपला मार्ग आपण बघायचा. परक्या देशातला माणुसकीचा झरा वगैरे जे लिहिलं जातं ते वाचताना मला नेहमी या दारातून परत गेलेला माणूस आठवतो.

अंकलकडून शिकलेली एक युक्ती सांगते. चिनी नावात आडनाव आधी येतं, आणि पुढच्या दोन अक्षरांपैकी एक अक्षर पुष्कळ घराण्यांत पिढीचं असतं. कुळाची एक कविताच ठरलेली असते. तिचं पहिलं अक्षर एका पिढीतल्या सगळ्या मुलग्यांच्या नावात, दुसरं पुढच्या पिढीच्या. त्यामुळे कधी न भेटलेले दोन खू भेटले तरी नाव सांगताच काका कोण आणि पुतण्या कोण हे कळतं. साठीचा माणूस तिशीतल्याला काका म्हणून वाकताना मी पाहिला आहे. अंकलच्या नातवंडांची नावं मात्र कवितेबाहेरची. विचारलं तर म्हणाले, 'सुनेला आवडली ती ठेवली.'

प्रश्न : मी असं वाचलं, की या संस्था म्हणजे गुन्हेगारी टोळ्याच होत्या. खरं काय? (कायद्याचा विद्यार्थी)

टोळ्याच होत्या असं म्हणणं चूक. टोळ्यांशी संबंध नव्हता असं म्हणणं त्याहून चूक.

पेनांगात पाच मोठी होक्क्येन घराणी होती. खू, चेआ, यो, लिम आणि तान. प्रत्येकाची आपापली कोंगसी. सगोत्रात लग्न करायचं नाही हा नियम कडक, म्हणून सोयरिकी या पाचांत एकमेकांत होत आणि व्यापारही त्याच वाटेने जाई. मिरी, तांदूळ, कथील, जहाजं. १८८५ साली त्यांनी खियान ग्वान नावाची विमा कंपनीसुद्धा काढली. पण या यादीतलं सगळ्यात किफायतशीर कलम म्हणजे मक्ते. सरकार अफू, दारू वगैरेंचा मक्ता लिलावाने देई. घेणाऱ्याने सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि अफू विकून नफा कमवायचा. गिऱ्हाईक कोण? बहुतांशी तोच बोटीतून उतरलेला मजूर. एका हाताने त्याच्या शवपेटीची सोय आणि दुसऱ्या हाताने अफूची चिलीम. देणगीच्या शिळेवरची नावं वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मक्ता राखायचा तर दांडगाई करणारी माणसं लागतात. ती गुप्त मंडळांतून मिळत. १८६७ च्या ऑगस्टमध्ये अशा दोन मंडळांत जुंपली. एकीकडे गी हिन, दुसरीकडे कियान तेक तोंग. दहा दिवस शहर पेटलं होतं, शेकडो माणसं मेली. कियान तेक तोंगचा म्होरक्या खू थिआन तेक. म्हणजे खू घराण्यातलं बडं नाव. त्याला फाशीची शिक्षा झाली, मग ती कमी होऊन तुरुंगवासावर आली. सुटल्यावर तो पुन्हा शहरातला प्रतिष्ठित माणूस. आज पेनांगात त्याच्या नावाचा रस्ता आहे. कोंगसीच्या बाहेरच्या रस्त्याला कॅनन स्ट्रीट म्हणतात, ते या दंगलीत तिथे तोफ डागली म्हणून, असं सांगतात.

तुम्ही कायदा शिकता आहात म्हणून दोन गोष्टी मुद्दाम. पहिली म्हणजे ही दंगल चिनी विरुद्ध चिनी एवढीच नव्हती. गी हिनबरोबर पांढऱ्या निशाणाची आणि कियान तेक तोंगबरोबर लाल निशाणाची मंडळी होती, आणि ती मुसलमानांची होती, मलय आणि भारतीय वंशाचीही. आडनावाच्या बाहेरच्यांशी हातमिळवणी करायला रक्ताच्या नात्याची गरज नव्हती, गरज पडली की ती होतच होती. पुढे १८७७ साली सरकारने चिन्यांसाठी वेगळं खातं काढलं, आणि १८८९ च्या कायद्याने गुप्त मंडळं मोडीत काढली. कुळांच्या संस्था मात्र राहिल्या.

दुसरी गोष्ट, तुमच्या परीक्षेच्याही उपयोगाची. पेनांगमधल्या एका चिनी बाईने मृत्युपत्रात एक घर आपल्या आणि नवऱ्याच्या नावाने पूर्वजपूजेसाठी कायमचं ठेवलं. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या सर्वात वरच्या कोर्टापर्यंत गेला. येआप चेआ नेओ विरुद्ध ओंग चेंग नेओ, निकाल १८७५ चा. निकाल असा, की ही पूजा त्या घराण्यापुरती आहे, तिच्यात लोकांचं हित नाही, म्हणून ती धर्मादाय नव्हे आणि मालमत्ता अशी कायमची बांधून ठेवता येणार नाही. ज्या समाजात पितरांसाठी काही राखून ठेवणं हे पहिलं पुण्य, तिथे इंग्रजी कायद्याने ते पुण्य मानलंच नाही. कोंगसीसारख्या संस्थांपुढे मालमत्ता कुणाच्या नावावर आणि कोणत्या कारणासाठी धरायची, हा प्रश्न कायमचा येऊन बसला. वह्या चोख ठेवण्याची निकड मला इथे दिसते.

प्रश्न : तुमच्या लेखात सगळे काका, आजोबा, पुतणे. बायका कुठे होत्या?

बरं झालं विचारलंत. वंशावळीत मुलगे. मुलगी लग्न करून दुसऱ्याच्या वंशावळीत जायची, तिथेही बहुधा 'अमक्याची बायको' एवढीच. सुरुवातीला चीनमधून बायका फारशा येतच नव्हत्या. आलेल्या पुरुषांपैकी ज्यांना जमलं त्यांनी तिथल्याच मलय, सयामी, बाटाक बायकांशी संसार केले. त्यातून बाबा-न्योन्या समाज झाला. देव चिनी, स्वयंपाकघर मलय. पूर्वजांच्या दालनात चिनी आडनावाखाली ज्यांची नावं आहेत, त्यांतल्या कितीतरींच्या आज्या-पणज्या चिनी नव्हत्या, आणि त्यांच्या माहेरची कोणतीच पाटी तिथे नाही.

पण एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, कारण ती कोणी सांगत नाही. विसाव्या शतकात, विशेषतः १९३० च्या दशकात, ग्वांगडाँग प्रांतातल्या शुंडे भागातून बऱ्याच एकट्या बायका पेनांगला आणि सिंगापूरला आल्या. घरकाम करायच्या. पांढरा सदरा, काळी विजार, केस मागे विंचरून बांधलेले. त्या धाटणीनेच केस बांधून, विधिपूर्वक, लग्न न करण्याची शपथ घेतलेली असे. या आम्मांना, म्हणजे घरकामाच्या बायकांना, कुळाच्या वाड्यात जागा नव्हती. मग त्यांनी काय केलं? चारदोघी मिळून एक खोली भाड्याने घेतली. मालकाकडे कामाला राहायचं, पण सुट्टीला, आजारपणाला, नोकरी सुटली तर, यायला ती खोली. पेटी तिथे, देव तिथे. एकमेकींना बहिणी मानायचं, म्हातारपणी सांभाळायचं, मेलेलीचं शेवटचं करायचं. वर्गणी ठरलेली. या खोलीलाही त्या कोंगसीच म्हणत. ना आडनाव एक, ना वंशावळ. कोंगसीचं सगळं काम मात्र तिथे होत होतं, आणि भाडं वसूल करायला नव्हे, भरायला. मला विचाराल तर वाड्याइतकीच मोलाची ही कोंगसी, पण तिचं ना छप्पर उरलं ना तिकीटखिडकी.

प्रश्न : माझा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला असतो. तिथल्या चायनाटाऊनमध्ये 'चार घराण्यांची' संस्था असल्याचं तो सांगतो. चार आडनावं एका कुळात कशी?

ती लुंग कोंग संस्था. लिऊ, ग्वान, झांग आणि झाओ ही ती चार आडनावं. जुन्या चीनची तीन राज्यं झाली होती, त्या काळातले लिऊ बेई, ग्वान यू, झांग फेई आणि झाओ युन हे चार वीर. पहिल्या तिघांनी भाऊ होण्याची शपथ घेतल्याची कथा चिनी घराघरांत सांगतात, चौथा त्यांच्यासाठी जिवावर उदार झाला. पूर्वज भाऊ, म्हणून आपणही भाऊ. रक्ताचा संबंध नाही. ज्या शहरात ली किंवा वाँग आडनावाची माणसं भरपूर, तिथे संख्येने कमी असलेल्या घराण्यांना एकत्र येण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि कथेने त्यांना नातं दिलं.

अमेरिकेची तऱ्हाच निराळी. १८८२ साली चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला. त्याच सुमारास तिथल्या गावोगावच्या मंडळांनी एकत्र येऊन जी मोठी संस्था केली, ती 'सिक्स कंपनीज' म्हणून ओळखली जाते. १८९२ च्या कायद्याने चिन्यांनी ओळखीचा दाखला जवळ बाळगणं सक्तीचं केलं, तेव्हा या संस्थेने नोंदणी करू नका असं सांगितलं, माणशी एक डॉलर मागून वकील दिले आणि खटला सर्वोच्च न्यायालयात नेला. १८९३ साली हरले.

मग आला १९०६ चा भूकंप. सॅन फ्रान्सिस्कोचे जन्माचे दप्तर जळालं. आपण इथेच जन्मलो असं सांगणं शक्य झालं, आणि अमेरिकी नागरिकाचा मुलगा म्हणून दुसऱ्याच्या नावावर येणंही. असे 'कागदी मुलगे' हजारो आले. सरकारी कागदावर एक आडनाव, खरं दुसरं. कोंगसीच्या दृष्टीने प्रश्न बिकट नव्हता. तिथे असा माणूस खऱ्या आडनावानेच जाई, पंगतीला खऱ्या भाऊबंदांत बसे. सरकारला जे ठाऊक नव्हतं ते संस्थेच्या वहीत होतं. मेल्यावर थडग्यावर इंग्रजीत कागदी नाव आणि चिनीत खरं. मुलाला एखाद्या जुन्या चिनी दफनभूमीत जायला सांगा, चिनी वाचणारा मित्र बरोबर घेऊन.

प्रश्न : परदेशात मेलेल्यांच्या अस्थी चीनला पाठवत, हे खरं का?

हो. आधी तिथेच पुरायचं, काही वर्षांनी उकरून अस्थी धुऊन, नाव लावून गावी पाठवायच्या. हे काम मंडळांचंच. हाँगकाँगचं तुंग वाह रुग्णालय मधला मुक्काम सांभाळी.

यातली सगळ्यात चटका लावणारी हकिगत न्यूझीलंडची. तिथल्या सोन्याच्या खाणींत मेलेल्या लोकांना गावी पोचवायचं काम ड्युनेडिनच्या चेओंग शिंग तोंग या मंडळाने हाती घेतलं. १९०२ साली व्हेंटनॉर नावाची बोट ४९९ जणांचे अवशेष घेऊन वेलिंग्टनहून निघाली. मंडळाचा पुढारी चोई स्यू होय हा आदल्या वर्षी वारला होता, तोही त्याच बोटीत, शवपेटीत. बोट खडकावर आदळली आणि होकिआंगाजवळ बुडाली. पुढे काही पेट्या, काही हाडं किनाऱ्याला लागली. तिथल्या माओरी लोकांनी ती आपल्यांच्या शेजारी पुरली. शंभरहून अधिक वर्षांनी या चिनी घरांची नातवंडं-पतवंडं माओरींचे आभार मानायला त्या किनाऱ्यावर गेली.

पेनांगचे खू मात्र बहुतेक पेनांगातच पुरले गेले. घरं तिथे, मुलं तिथे. एप्रिलच्या सुरुवातीला चेंग बेंगच्या, म्हणजे पितरांच्या दिवसांत सगळं कुटुंब दफनभूमीत जातं. गवत काढायचं, अक्षरांना पुन्हा रंग द्यायचा, खाणं मांडायचं, कागदी पैसे जाळायचे. अंकल घरी परतले की पहिल्यांदा बसून खर्च लिहीत. माळ्याला किती, उदबत्त्यांना किती, आणि कोणत्या भावाने अजून दिले नाहीत.

प्रश्न : आता या संस्था कशासाठी? सरकार आहे, बँका आहेत, विमा आहे.

कामं गेली, हे खरंच. कोणाला निजायला जागा नको, पत्र लिहून नको. उरलंय ते म्हणजे मुलांना शिष्यवृत्त्या, वर्षाच्या ठरलेल्या पूजा, हिवाळ्यातल्या सर्वात लहान दिवसाची मेजवानी आणि मालमत्ता. शेवटचं प्रकरण नाजूक आहे. पेनांगात जुन्या घरांची भाडी कायद्याने गोठलेली होती. तो कायदा १ जानेवारी २००० पासून उठला. शहरातल्या पुष्कळ जुन्या घरांची मालकी कोंगसी आणि देवस्थानांकडे. भाडी वाढली, जुने भाडेकरू उपनगरांत गेले. २००८ साली जॉर्जटाऊन युनेस्कोच्या यादीत आलं आणि घरांची हॉटेलं, कॉफीची दुकानं झाली. भाड्यावर जगणारी संस्था भाडं वाढवणारच, हे माझ्यातल्या हिशेबनिसाला पटतं. पण जी घरं भाऊबंदांना टेकायला म्हणून बांधली तिथे आज भाऊबंदाला परवडत नाही, हेही हिशेबात धरायला हवं. ते कोणत्या रकान्यात लिहायचं, ते मला सुचलेलं नाही.

बंदराकाठच्या कुळांच्या जेटींचंही असंच. समुद्रात खांब रोवून त्यावर फळ्यांची वस्ती, बहुतेक वस्त्या एकेका आडनावाच्या. जमिनीची मालकी नाही, त्यामुळे गंगाजळी नाही. कोये आडनावाची जेटी २००६ साली पाडली. च्यू जेटी पर्यटनावर तगली आहे.

प्रश्न : डिसेंबरमध्ये पेनांगला जातो आहोत. खू कोंगसीत काय बघू, आणि आत जाऊ देतात का?

देतात, तिकीट काढून. सकाळी लवकर जा, दुपारी चौकातली फरशी तापते. छपराचे फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढा. मग शीख पहारेकऱ्यांपाशी थांबा आणि त्यांचे फेटे जवळून बघा. तळमजल्यावर संग्रहालय आहे, तिथे कुळाचा इतिहास मांडलाय. पूर्वजांच्या दालनात कोणी पूजा करत असेल तर फोटो नको. पदव्यांच्या पाट्यांपुढे थोडा वेळ काढा आणि कुठली विद्यापीठं दिसतात ते वाचा. तिथून आर्मेनियन स्ट्रीट चालत काही मिनिटांवर. तिथे चेआ कोंगसी आहे, खूंच्या वाड्यापेक्षा शांत, पुढे छान हिरवळ. बूट काढायला सांगितले तर काढा, आणि पेटीत काही टाकलंत तर पावती मागा, देतात.